फोन माझ्या हातातच राहू दे

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मी वडगावची, बेळगाव. वय ६१. घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, तुमचा पेपर रोज येतो आमच्यात आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की शेवटच्या पानापर्यंत वाचते. पत्र मात्र पहिल्यांदाच पाठवतेय. मध्यंतरी याच जागेत मोबाइलमुळं पोरं कशी बिघडली यावर एकामागून एक पत्रं येत होती, खोटं काहीच नाही त्यात, आमच्या घरातही तेच आहे. पण पोरांच्या हातातला फोन काढून घ्या म्हणणारे सगळे, आणि आमच्या वयाच्या माणसांच्या हातात तो जरा टिकू द्या म्हणणारं कुणी नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी काय झालं ते सांगते. सासरची दीड एकर जमीन आहे आमची, खानापूर तालुक्यात, थोडं भात, थोडी रताळी. हे गेल्यावर वारसा करायला अर्ज दिला होता आणि उताऱ्यावर नावं चढली का नाही एवढंच बघायचं होतं मला. गेले एका ऑनलाइन सेंटरवर. पहिल्या दिवशी सर्व्हर डाऊन. दुसऱ्या दिवशी करंट नाही. तिसऱ्या दिवशी पोरगा जेवायला गेलेला तो आलाच नाही, आणि चौथ्या दिवशी दीडशे रुपये घेऊन हातात कागद दिला तो शेजारच्या सर्व्हे नंबरचा. परत गेले तर म्हणतो, मावशी तुम्हीच नंबर चुकीचा सांगितलासा. सांगितला असेन बाबा, उन्हातून चार खेपा झाल्यावर भांडायची ताकद राहत नाही. घरी येऊन गप्प बसले.

संध्याकाळी नात, सातवीत आहे, म्हणाली आज्जी का बसलीस अशी. तिला सांगितलं. तिनं माझाच फोन माझ्या हातात दिला, भूमीची, म्हणजे कर्नाटक सरकारची जमिनीचे उतारे बघायची साइट कशी उघडायची ते सांगितलं आणि म्हणाली तू दाब. जिल्हा, तालुका, होबळी, गाव, मग सर्व्हे नंबर, मग एका रकान्यात नुसती चांदणी येते ती तशीच निवडायची, मग हिस्सा नंबर. पाच मिनिटं लागली, त्यातली तीन माझ्या चष्म्याला. नुसता उतारा बघायला एक पैसा लागत नाही, कुठं द्यायला चालणारा पाहिजे असला तरच फी भरायची. माझं नाव होतं, दोन्ही पोरांची नावं होती. बराच वेळ ते बघत बसले. दीडशे रुपये गेले त्याचं काही नाही, पण त्या चार खेपांत माझे सहा ब्लाऊज शिवून झाले असते, आणि ते सगळं माझ्या पिशवीत पडलेल्या फोनमध्येच होतं.

आता माझा मुलगा. उद्यमबागेत कामाला आहे, हुशार आहे, आईवर जीव आहे त्याचा. पण त्याला फोनमधलं काही विचारलं की पहिला शब्द "दे इकडं". मग फोन त्याच्या हातात, बोट असं सरसर फिरतं की कुठं दाबलं, काय आलं, काय गेलं काही कळत नाही, आणि अर्ध्या मिनिटात "घे, झालं". काम होतं, खोटं नाही. पण पुढच्या वेळी परत मी त्याच्या दारात. आणि तिसऱ्यांदा विचारलं की "आई परवाच दाखवलं की तुला". अरे कुठं दाखवलंस, तू करून दिलंस. मी आजपर्यंत गल्लीतल्या वीस-बावीस मुलींना शिवण शिकवली, एकीच्याही पायाखालचं पायडल काढून घेतलं नाही. सुई मोडू दे, दोरा गुंतू दे, काखेत घोळ येऊ दे, उसवायचं आणि परत घालायचं. असं बघत बसून कुणाला मशीन आलंय का? माझी नात शिकवताना दोन्ही हात मागं बांधून बसते, मी चुकले तरी हात लावत नाही, नुसती हसते. तिच्याकडूनच शिकले मी जे काय शिकले ते, आणि घराघरातल्या मुला-सुनांना माझं एवढंच सांगणं आहे. हे पत्र त्यासाठीच, बाकीचं सगळं त्याच्या ओघात.

खरं सांगते, वर्षभर मला वाटायचं इंटरनेट म्हणजे व्हॉट्सॲप. नेट मारलंय का म्हणजे व्हॉट्सॲप चालू आहे का. नात म्हणाली, अगं व्हॉट्सॲप म्हणजे खडेबाजारातलं एक दुकान, इंटरनेट म्हणजे अख्खा बाजार आणि तिथं जायचा रस्ता पण. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मग पहिल्या दिवशी तिनं दोनच गोष्टी करायला लावल्या. सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं केलं, आणि फोनची भाषा मराठी केली. मुलगा आला आणि माझा फोन बघून म्हणाला, ह्यात मला काहीच सापडंना. बरं वाटलं जरा.

जीमेलचं एक सांगायलाच पाहिजे कारण हे खूप जणांचं होतं. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं "खातं लागतंय" म्हणून स्वतःच काहीतरी नाव घालून, स्वतःच पासवर्ड ठरवून मोकळा झाला, मला पत्ताही नाही. दोन वर्षांनी फोन पडून फुटला, नवीन घेतला, तर जुने सगळे नंबर आणि ह्यांचे फोटो त्या खात्यात अडकलेले आणि पासवर्ड कुणालाच माहीत नाही. ते फोटो अजून मिळालेले नाहीत. म्हणून म्हणते, फोन नवा असेल तर खातं आपल्यासमोर, आपल्या नंबरवर काढून घ्या आणि पासवर्ड घरात वहीत लिहून ठेवा. पोरं हसतात वहीत लिहिलं म्हणून, हसू देत, वही कपाटात असते, कपाटाला कुलूप असतं.

मग माईक. टाइप करायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं, बोटं जाड, अक्षरं बारीक, ण कुठं आणि ळ कुठं. कीबोर्डवर माईकचं एक छोटं चित्र असतं ते दाबून मराठीत बोललं की आपोआप लिहून येतं. मराठीत ही सोय २०१७ पासून आहे म्हणे, म्हणजे इतकी वर्षं ते चित्र माझ्या डोळ्यासमोर होतं आणि मी बहिणीला नुसते हात जोडल्याचे आणि फुलांचे फोटो पाठवत होते! आता बोलून लिहिते. फक्त आमचं बेळगावी बोलणं त्या माईकला झेपत नाही, "काय करालीस गं" म्हटलं की काहीतरी भलतंच उमटतं, जरा पुस्तकातल्यासारखं, सावकाश बोलावं लागतं. बहिणीनं गडहिंग्लजहून फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना, एवढं शुद्ध का लिहायलीस.

आता जे सांगणार आहे ते आपल्या सीमाभागातल्या लोकांनी तरी नीट वाचावं. आपल्या घरात येणारा कागद कन्नडात असतो. लाइटचं बिल, पंचायतीची नोटीस, रेशनचं काही असलं तर ते, उतारा, सगळं. आमची पिढी मराठी शाळेत शिकली, बोलण्यापुरतं कन्नड बाजारात आलं, पण वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येतं त्याच्याकडं दर वेळी कागद घेऊन जायची लाज वाटते. सीमाप्रश्न आपल्या जागी. दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, लागेल तेव्हा लागेल, मराठीत कागद द्या ही मागणीही बरोबरच आहे आणि ती करत राहायचीच. पण तोपर्यंत घरात आलेला कागद तर वाचायला पाहिजे ना. तर गुगल ट्रान्सलेट म्हणून ॲप आहे, फुकट आहे, त्यात वर एका बाजूला कन्नड आणि दुसऱ्या बाजूला मराठी निवडायचं आणि कॅमेऱ्याचं चित्र दाबून कागदावर फोन धरायचा. त्या कन्नड अक्षरांच्या जागी मराठी येतं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी कागद उलटा करून मागं काय आहे का बघितलं होतं, नात लोळून हसली.

पण ते डोळे झाकून विश्वास ठेवायचं काम नव्हे हं. माझं नाव त्यानं बरोबर वाचलं आणि आडनावाचा चक्क अर्थ करून टाकला. सरकारी कन्नड तर त्याला आपल्यापेक्षा अवघड जातं. म्हणून मी असं करते, कागद कशाबद्दल आहे, तारीख कुठली आणि पैसे किती एवढं फोनवर बघते, आणि कोर्टाचं, जमिनीचं, कर्जाचं काही असलं तर शेजारच्या अक्कांना दाखवते, त्यांचं माहेर गोकाकचं, त्यांना दोन्ही येतं. फरक एवढाच की आता मी त्यांच्याकडं कोरी जात नाही. आणखी एक, ॲपमध्ये कन्नड आणि मराठी डाऊनलोड करून ठेवलं तर नेट नसताना पण चालतं. आमच्या गावाकडं, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात रेंज मिळायची मारामार असते, तिथं हे कामाला येतं. उलटं पण होतं, मराठीत बोललं की ते कन्नडात बोलून दाखवतं, परवा दवाखान्यात नर्सबाईंना मी असंच सांगितलं कुठं दुखतंय ते, त्यांनाही मजा वाटली.

पैशाचं आता. याला मी सगळ्यात जास्त भ्यायचे. यूपीआय आलं २०१६ ला आणि मी चालू केलं गेल्या वर्षी, तेही गिऱ्हाईकांनी भंडावून सोडलं म्हणून, "मावशी स्कॅनर नाही? सुट्टे नाहीत, नंतर देते" आणि ते नंतर कधी यायचंच नाही. शेवटी भिंतीवर क्यूआर लावला, बोलणारा डबा घेतला. तो डबा पहिले आठ दिवस कन्नडातनं ओरडायचा, मग त्याची भाषा बदलून घेतली. आता दोनशे रुपये आले की सगळ्या गल्लीला कळतं, हा एक तोटा.

भीती गेली कशी तर एक गोष्ट पक्की कळली म्हणून, आणि ती ज्याला कळली त्याचे अर्धे पैसे वाचले असं समजा. पिन लागतो तो पैसे द्यायला. पैसे यायला पिन लागत नाही, काही स्कॅन करावं लागत नाही, काही दाबावं लागत नाही. कुणी म्हटलं "तुमच्या खात्यात पाच हजार टाकतो, आलेल्या मेसेजवर पिन घाला" तर तो घ्यायलाच बसलाय, द्यायला नाही. मी वहीच्या पहिल्या पानावर हे लाल पेनानं लिहिलंय. दुसरं, मी सगळी बचत त्या खात्यात ठेवतच नाही. एक वेगळं खातं काढलं, त्यात दुकानाचे चार-पाच हजार फिरतात, तेवढंच फोनला जोडलेलं. ह्यांच्या पश्चात आलेले पैसे दुसऱ्या खात्यात आहेत आणि त्या खात्याला फोनचं तोंड दाखवलेलं नाही. मुलगा म्हणतो आई तू जुन्या वळणाची. असेन. पाकिटात जेवढं घेऊन बाजारात जायचं तेवढंच फोनमध्ये, एवढा साधा हिशोब आहे.

आणि ज्यांच्याकडं बटणाचा साधा फोन आहे त्यांनाही यूपीआय करता येतं, यूपीआय १२३ पे म्हणून सोय २०२२ मध्ये आली, नंबर लावून, विचारेल तसं बटण दाबत जायचं. आमच्या एका नणंदेनं करून बघितलं, वेळ लागतो पण होतं.

गृहलक्ष्मीचं राहिलं. कर्नाटक सरकारची घरातल्या बाईसाठीची योजना, महिन्याला २००० रुपये, २०२३ च्या ऑगस्टपासून सुरू झालंय, कधी वेळेवर येतात, कधी दोन महिने मागं असतात. आणि आल्यात का बघायला आमच्या गल्लीतल्या बायका पासबुक घेऊन बँकेत रांगेत, तिथं मशीन बंद, परत उद्या. डीबीटी कर्नाटक म्हणून सरकारचंच ॲप आहे, आधार नंबर घातला की ओटीपी येतो, मग चार आकडी पिन ठरवायचा, आणि मग कुठल्या योजनेचे किती पैसे कुठल्या तारखेला कुठल्या खात्यात गेले ते दिसतं. एकीचे तर वर्षभर दुसऱ्याच बँकेत जमा होत होते, कधीतरी बचत गटासाठी काढलेलं खातं आधारला जोडलेलं होतं आणि ती विसरून गेलेली! ती रडली आधी आणि मग आम्हाला सगळ्यांना कुंदा खायला घातला. ॲप कन्नडात-इंग्रजीत आहे पण आकडे तर आकडेच असतात ना, आणि मी वर सांगितलं तसं स्क्रीनचा फोटो काढून ट्रान्सलेटमध्ये टाकता येतो.

प्रवासाचं थोडक्यात. लेक पुण्यात असते, ती रेल्वेनं येते तेव्हा गाडी मिरजेत आहे का घटप्रभेला पोचली ते व्हेअर इज माय ट्रेन या ॲपवर बघते आणि मग कुकर लावते. आधी दोन तास आधीच स्टेशनवर जाऊन बसायची सवय होती मला. 

धंद्याला मात्र फार उपयोग झाला. पूर्वी मागच्या गळ्याच्या डिझाइनसाठी एक जुनं फाटकं पुस्तक होतं, त्यातल्याच बारा डिझाइन वीस वर्षं शिवल्या. आता गिऱ्हाईक फोटो पाठवतं, मी यूट्यूबवर माईक दाबून "बोट नेक ब्लाऊज कटिंग मराठी" म्हणते, दहाजणी शिकवायला बसलेल्या असतात. सगळ्या चांगल्या शिकवतात असं नाही, काहीजणी माप सांगतच नाहीत नुसत्या बोलत राहतात, पण दोन-तीन चांगल्या आहेत. व्हिडिओ बघितला की नेट पटकन संपतं, तर खाली क्वालिटी कमी करायची जागा असते, कटिंग बघायला कमी क्वालिटी पुरते. आणि माझी साठाव्या वर्षी प्रिन्सेस कट शिवून झाली हे मी माझ्या सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं तुला कशाला पाहिजे ते.

शेताकडचं दीर बघतात. त्यांच्या फोनवर दामिनी आहे, पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेनं काढलेलं ॲप, २०-४० किलोमीटरच्या आत वीज पडायला लागली की सांगतं. वळवाच्या पावसात आपल्याकडं दरवर्षी शेतातली माणसं नाहीतर जनावरं जातात, त्यामुळं हे एक तरी प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनमध्ये असावं असं मला वाटतं, बाकी ॲप नसली तरी चालतील.

आता वाईट बाजू. आमच्याच गल्लीत, कुठलं घर ते सांगत नाही, लग्नपत्रिका आली व्हॉट्सॲपवर, ओळखीच्याच नंबरवरून. पत्रिका म्हटल्यावर कोण उघडणार नाही? फोटो नव्हता तो, शेवटी एपीके लिहिलेलं होतं. दाबलं, काहीतरी इन्स्टॉल झालं, पत्रिका काही दिसली नाही म्हणून त्या घरची माणसं विसरून गेली. रात्री खात्यातनं पैसे गेले. आणि ज्या ओळखीच्या नंबरवरून आली तोही असाच फसलेला, त्याला माहीतही नाही. तर पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असते, एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, ते ॲप असतं आणि ते आपले मेसेज, ओटीपी वाचतं. असंच पीएम किसानच्या नावानं येतं, लाइट बिलाच्या नावानं येतं, "आज रात्री साडेनऊला लाइट कट होणार" म्हणून. लाइटवाले बिल राहिलं तर दारात येतात हो, आपल्याला माहीत नाही का.

आणि गुगलवर बँकेचा नंबर शोधू नका. शोधल्यावर वर येतो तो बँकेचाच असेल असं नाही, चोरांनी आपले नंबर तिथं टाकून ठेवलेले असतात. एटीएम कार्डाच्या मागं नाहीतर पासबुकावर असतो तोच लावायचा. पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, खोलीतनं बाहेर जाऊ नका" म्हणणारे आहेत, असली अटक कुठल्या कायद्यात नाही, फोन कट करायचा. मला आला होता. मी म्हटलं थांबा, गिऱ्हाईक आहे, आणि फोन तसाच मशीनवर ठेवून हुक लावत बसले, पाच मिनिटांनी तोच गेला.

पैसे गेलेच तर १९३० ला फोन लावायचा, ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे तो. लगेच. दुसऱ्या दिवशी मुलगा आल्यावर, सुट्टी झाल्यावर असं नाही, जितक्या लवकर लावाल तितके ते पैसे वाटेत अडवायची शक्यता जास्त. आमच्या त्या घरात दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही, घरचे रागावतील म्हणून. ज्या बाईला मुलगा "तुला काही कळत नाही, दे इकडं" म्हणतो ती पैसे गेल्यावर त्याला सांगेल का, तुम्हीच सांगा. ते दोन दिवस त्या "दे इकडं" नं घालवले असं माझं मत आहे, चोरांनी जे काय केलं ते आहेच.

साहेब, तुमच्याकडं दोन मागणं आहेत. आठवड्यातनं एकदा अर्धा कॉलम द्या, एका वेळी एकच गोष्ट, मोठ्या अक्षरात, कुठं दाबायचं ते चित्रासकट, कापून कपाटाला चिकटवता येईल असं. "डिजिटल क्रांती" वगैरे नको, ते आम्ही वाचत नाही. आणि दुसरं, येळ्ळूर, कडोली, उचगाव, बेळगुंदीला दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, आम्ही बायका नऊवारी नेसून हौसेनं जातो. तिथल्या मांडवाच्या एका कोपऱ्यात दोन बाकडी टाकून कॉलेजची चार पोरं बसवा, ज्याला फोनमधलं जे विचारायचं ते विचारू दे. मराठीत विचारलं, मराठीत उत्तर मिळालं, हेही भाषेचंच काम झालं की. गणपतीत मंडळांनी पण करावं, आरतीनंतर अर्धा तास, डीजेला आवाज कमी केला तर होईल. अट एकच घाला, शिकवणाऱ्या पोरांनी हात मागं बांधून बसायचं.

माझ्यापुरतं म्हणाल तर मंगळवारी दुपारी तीन ते पाच माझ्याकडं पाच-सहा बायका फोन घेऊन बसतात, शिवणाच्या मुली त्यांना शिकवतात आणि त्या मुलींना मी शिवण. आणखी चौघींना जागा आहे, पाट आपापला आणावा लागेल.

हे पत्र मी माईकवर बोलून लिहिलंय, तीन दिवस लागले, मध्ये मशीनचा आवाज आला की ते थांबायचं. नातीनं एकदा वाचलं पण तिनं काही दुरुस्त केलं नाही, तूच कर म्हणाली. तरी वर कुठं "पिको" चं "पिकू" झालं असेल तर तेवढं बघून घ्या.

आपली,
वडगावची एक वाचक